प्रामाणिक माणसाचा साचा

आमच्या कारखान्यात संत आणि खुनी एकाच पोत्यातल्या प्लास्टरचे होतात. गिऱ्हाइकं तेवढी वेगळी. संतांसाठी पाद्री येतात, मठातल्या जोगिणी येतात, आणि नाकाचा शेंडा जरा बसका आहे म्हणून किंमत पाडून मागतात. खुन्यांसाठी प्रोफेसर तेर्झागी येतात आणि सांगितलेली किंमत न बोलता देतात. माझी भक्ती कोणावर जास्त होती, ते सांगायला नको.

प्रोफेसरांचं म्हणणं सरळ होतं. गुन्हेगार घडत नाही, तो तसाच जन्माला येतो आणि ते त्याच्या डोक्यावर लिहिलेलं असतं. जबडा जड, कान बाहेर आलेले, भुवयांवर हाडाचा कंगोरा. स्वभावही ठरलेला: दुखलंखुपलं जाणवत नाही, पश्चात्ताप होत नाही, आणि स्वतःचं कौतुक ऐकायची भूक मोठी.

"साहेब," मी एकदा म्हटलं, "हे वर्णन आपल्या तोरिनो शहरातल्या निम्म्या वकिलांना लागू पडतं."

ते हसले नाहीत. त्यांनी मापाचा चिमटा काढला आणि त्या निम्म्या वकिलांची नावं विचारली.

त्या वर्षी मिकेले गीगो नावाच्या गाडीवानाने आपल्या मालकाला कुऱ्हाडीने मारलं होतं. तुरुंगात जाऊन मी त्याच्या चेहऱ्याचा ठसा घेतला. प्रोफेसरांना व्याख्यानात त्याच्या शेजारी ठेवायला एक प्रामाणिक माणूस हवा होता, म्हणजे फरक मागच्या बाकावरूनही दिसेल.

"ज्याच्याकडे कोणी कधी बोट दाखवलेलं नाही, असा माणूस द्या," ते म्हणाले.

"तोरिनोत?"

"तुमच्या ओळखीत असेलच की कोणीतरी."

माझ्या ओळखीत एकच होता. माझा मेहुणा, चेलेस्तीनो.

चेलेस्तीनोचं रस्त्याकडेच्या कमानींखाली मिठाईचं दुकान. हेझलनट घातलेल्या चॉकलेटची वडी तो अशी तोलायचा, की काटा बरोबर आल्यावर वर एक तुकडा ठेवायचाच. मी धंदेवाला माणूस. तो वरचा तुकडा पाहून मला दर वेळी कुठेतरी दुखायचं. माझी एकुलती एक बहीण देल्फिना त्याच्या घरात सुखी होती, म्हणून मी त्याला तो तुकडा माफ केला होता. चेहरा मळलेल्या कणकेसारखा, गोल आणि मऊ. त्या चेहऱ्यावर राग बसायला जागाच नव्हती.

विज्ञानासाठी चेहरा द्यायचा म्हटल्यावर तो लाजला, मग खूश झाला, आणि ठरल्या दिवशी लग्नातलं जाकीट घालून आला.

"चेहराच घ्यायचाय रे," मी म्हटलं.

"असू दे, गौदेन्झिओ. जाकीट असलं की चेहरा नीट राहतो."

जिवंत माणसाचा ठसा घेणं हे मेलेल्यापेक्षा कटकटीचं काम. भुवयांना तेल चोपडायचं. नाकपुड्यांत गव्हाच्या दोन पोकळ काड्या घालायच्या, श्वासासाठी. कपाळापासून प्लास्टर लावत, कानांसकट, खाली यायचं. तोंड झाकलं की शेवटी नाक, काड्यांच्या भोवतीने. प्लास्टर घट्ट होताना तापतं, आणि भलेभले तिथे घाबरतात. म्हणून खूण ठरलेली असते: उजव्या हाताचं बोट वर केलं की मी सगळं काढून टाकतो. मेलेल्याला ना खूण लागते, ना काड्या. त्यामुळे तयार मुखवटा पाहूनच आम्हाला कळतं. जिवंताच्या नाकपुड्या काड्यांनी ताणलेल्या आणि उघड्या असतात. मेलेल्याच्या नाकात कापसाचा बोळा असतो, तिथे प्लास्टर बुजलेलं, सपाट.

गीगोने ठसा देताना दोनदा बोट वर केलं होतं. चेलेस्तीनो प्लास्टरखाली घोरत होता.

ती जोडी गाजली. गीगो आणि प्रामाणिक माणूस. दुकानात बायका कुजबुजायच्या, "हाच तो, विद्यापीठातला प्रामाणिक." चेलेस्तीनो ऐकू न आल्यासारखं करायचा आणि तोलताना वर दोन तुकडे ठेवायचा. इतर शहरांतून जोडीची मागणी येऊ लागली. मी दोन्ही मूळ मुखवट्यांवरून साचे केले, सुटे तुकडे जुळवून दोरीने आवळायचे, आणि प्रती काढू लागलो.

साच्याचा एक नियम आहे, आणि तो माझ्या बापाच्या काळीही तोच होता. प्रत्येक प्रतीगणिक साचा झिजतो. नाकाचा शेंडा बोथट होतो, पापण्यांची कड जाते, सुरकुत्या भरून येतात. दोन हिवाळ्यांत गीगो इतका निवळला, की मठातल्या एका जोगिणीने फळीवर त्याला पाहिलं आणि विचारलं, "हे कोणते संत?"

"नवीन आहेत," मी म्हटलं. "अजून सण ठरायचाय."

चेलेस्तीनोचा साचा मात्र झिजत नव्हता.

आधी मला आनंदच झाला. मग दिसलं, की प्रतीमागून प्रत जास्त ठसठशीत येते आहे. भुवयांच्या मध्ये एक उभी आठी आली, जी मी कधी कोरली नव्हती. मी मनाशी म्हटलं, प्लास्टर यंदा बारीक चाळलेलं आहे. पुढच्या खेपेला जबडा रुंदावला. म्हटलं, पो नदीवरचं धुकं आत येतं, ओलीने साच्याचे तुकडे फुगले असणार, सांधा सैल झाला असणार. मी साचा चुलीपाशी ठेवून वाळवला, दोरी कचकचून आवळली. त्यानंतर निघालेल्या प्रतीचे कान डोक्यापासून सुटून पुढे आले होते. साचा आवळल्यावर चेहरा अरुंद व्हायला हवा, हे कोणालाही कळेल.

त्या दिवसापासून माझं कामात लक्ष लागेना. खुर्चीवर बसलो की उठावंसं वाटे, आणि उठलो की कशासाठी उठलो ते आठवत नसे. फळीकडे पाठ केली की मानेला गार लागायचं. मी ती प्रत गोणपाटाखाली झाकली, तर गोणपाटावर जबडा उमटलेला दिसायचा.

प्रोफेसर नव्या जोड्या पाहायला आले तेव्हा गोणपाट सरकलेलं होतं. त्यांनी मुखवटा खिडकीपाशी नेला, चिमटा लावला, आणि त्यांचा चेहरा लहान पोरासारखा उजळला.

"हा कोणत्या तुरुंगातला? असा पूर्ण नमुना माझ्याकडेही नाही. हा माणूस माणसं मारणारच. याला पर्यायच नाही."

"साहेब, हा आपला प्रामाणिक माणूस आहे. त्याच साच्यातला."

त्यांनी मुखवटा उलटा करून पाहिला. साचा बिघडला असेल असं ते म्हणतील, म्हणून मी वाट पाहत होतो. मला तेच ऐकायचं होतं.

"मग अजून केलं नसेल," ते म्हणाले. चिमटा घडी करून खिशात ठेवला आणि सहज विचारलं, "घरात कोण कोण असतं त्याच्या?"

घरात माझी बहीण असते. मी मुखवटा परत गोणपाटाखाली झाकला.

रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला जायचो. त्या रविवारी मी जेवलो नाही. मी चेलेस्तीनोचा जबडा पाहिला. तो सारण भरलेल्या आग्नोलोत्ती चावत होता आणि कानाखाली एक गाठ वरखाली होत होती. ती गाठ सगळ्यांनाच असते. मी टेबलाखाली हात नेऊन, खाजवल्यासारखं करून स्वतःचीही चाचपून पाहिली.

"आज काय माझं माप घेतोयस?" चेलेस्तीनो म्हणाला.

"तू जाड झालायस."

"बहिणीला सांग. ती वाढते."

देल्फिना हसली. तिच्या मनगटावर लाल डाग होता.

"हे काय झालं?"

"पाक उडाला. दुकानात मदत करत होते."

"नीट बघ ना जरा," चेलेस्तीनो तिला म्हणाला, आणि उठून चुलीवरच्या उकळत्या पाकात बोट बुडवलं. तार पाहायला. अंगठ्याने ताणली, बोट चाटलं, आणि परत येऊन बसला. मिठाईवाले असंच करतात. वर्षानुवर्षांच्या पाकाने त्यांची बोटं मेलेली असतात. हे मला ठाऊक होतं. पण दुखलंखुपलं जाणवत नाही, हे प्रोफेसरांचे शब्दही मला ठाऊक होते.

जिन्यात मी देल्फिनाला गाठलं. "तो तुझ्याशी नीट वागतो ना?"

"कोण? चेलेस्तीनो? अरे, कोंबडी कापायची झाली तर मला कापावी लागते."

"काही दिवस माझ्याकडे राहायला ये."

तिची मस्करी विरून गेली. "गौदेन्झिओ, तो नाही, तूच बदललायस. मघाशी तू त्याच्याकडे ज्या नजरेने बघत होतास ना, तसं कोणी माझ्याकडे बघितलं तर मी दार लावून घेईन."

मी रस्त्यावर आलो आणि घरी न जाता धुक्यात कमानींखालून नुसता फिरत राहिलो. हिशोब मांडला की मला शांत वाटतं, म्हणून मांडला. एका बाजूला वरचा तुकडा, लाजणं, कोंबडी. दुसऱ्या बाजूला बोट, कौतुकाची भूक आणि तो मुखवटा. साचा चुकत असेल, तर काहीच बिघडत नाही. साचा खरा असेल, तर माझी बहीण रोज त्याच्याजवळ झोपते.

खात्री करायचा एकच मार्ग होता: नवा ठसा.

चेलेस्तीनो आनंदाने आला, तेच जाकीट घालून. आता बटणं लागत नव्हती. टेबलावर आडवा झाला, डोळे मिटले. मी तेल लावलं, काड्या घातल्या, कपाळापासून खाली आलो. शेवटी पांढऱ्या ढिगातून फक्त दोन काड्या वर राहिल्या, आणि त्यांतून बारीक शीळ येत होती. आत, बाहेर. आत, बाहेर.

मी त्या काड्यांकडे पाहत होतो.

एवढ्या मोठ्या माणसाचा सगळा जीव तिथून ये-जा करत होता. मला माझा अंगठा काड्यांवर दिसला. तो कधी नेला, ते आठवत नाही. त्यावर जोर नव्हता. नुसता टेकला होता.

शीळ थांबली.

त्याचं बोट वर झालं.

मी बोट पाहिलं. पाकाने पिवळं पडलेलं, ताठ उभं. मला कसलीही घाई वाटली नाही. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच ती बेचैनी गेली होती. खिडकीवर धुकं टेकलं होतं आणि कारखाना कधी नव्हे इतका शांत होता.

मग दुसरा हातही वर आला, आणि मी प्लास्टर ओढून काढलं.

तो खोकत उठला. डोळ्यांतून पाणी, हनुवटीला पांढरे गोळे. "काडी बुजली वाटतं रे."

"बुजते कधीकधी."

"तू थांबलास म्हणून बरं." त्याने माझा हात हातात घेऊन दाबला.

ठशाचे तुकडे जोडून मी मुखवटा काढला. गोल, मऊ, कणकेसारखा. आठी नाही, जबडा नाही, कान डोक्याला चिकटलेले. पहिल्या दिवसाचा चेलेस्तीनो, जरा जाड. तो खुनी नव्हता, हे आता माझ्या हातात होतं. मी हसलो, एक पेला व्हर्मुथ प्यायलो, आणि जुना साचा फोडायला घेतला.

फोडण्याआधी एक शेवटची प्रत काढून पाहावी असं वाटलं. धंद्याची सवय.

ती फळीवर वाळत असताना देल्फिना आली. नवऱ्याचा विसरलेला मफलर न्यायला. तिने सहज फळीकडे पाहिलं आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

"अरेरे! कोण गेलं हे?"

"कोण गेलं म्हणजे?"

"मेलेल्याचाच आहे ना? आपल्या बाबांच्या मुखवट्यासारखा." ती लहानपणापासून या कारखान्यात वाढलेली. तिने बोटाने दाखवलं. "नाक बघ की."

जबडा उतरलेला होता. आठी पुसलेली होती. गालांवर ती निवांत सैल कातडी, जी मी हजारदा हाताळली आहे. आणि नाकपुड्या बुजलेल्या, सपाट. ज्या साच्यात काड्यांची भोकं मी स्वतः कोरून घेतली होती, त्या साच्यातून.

नवरा तिला ओळखू आला नाही.

"आहे एक गिऱ्हाईक," मी म्हणालो. तिने मफलर घेतला आणि गेली.

साचा मी फोडला नाही. पण बेचैनी परत आली, आणि या वेळी ती माझ्या हातात आली. अंगठा कशालातरी टेकवल्याशिवाय मला बसवेना. जेवताना ताटाच्या कडेला, चर्चमध्ये बाकाला. मी रविवारी बहिणीकडे जाणं बंद केलं. मग चेलेस्तीनोच कारखान्यात यायला लागला, पुड्यात चॉकलेटं घेऊन.

"रागावलास का माझ्यावर? चल, परत एकदा ठसा घे. प्रोफेसर म्हणत होते, नवा हवाय."

मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा तो जाकीट घालूनच आला आणि माझी वाट न पाहता टेबलावर आडवा झाला.

"बोट वर केलं की थांबशील ना?" डोळे मिटून त्याने विचारलं, चेष्टेने.

"मागच्या वेळी थांबलो होतोच की."

तो समाधानाने हसला आणि हात पोटावर ठेवले. मी प्लास्टर कालवलं. भुवयांना तेल लावलं. ब्रश भिजवल्यावर लक्षात आलं, की काड्या कापायच्या राहिल्या आहेत. गव्हाची पेंढी समोरच खुंटीला टांगलेली होती, कात्री तिच्या शेजारी.

नाकापर्यंत यायला वेळ असतो. मी कपाळापासून सुरुवात केली. हात अगदी शांत होता.