बिया का उगवल्या नाहीत?

"बोक्या, पाय काढ माझ्या खांद्यावरून! खांदा आहे तो, जिना नाही!"

"थांब गं मुंगे, कडी निघतेयच... निघाली बघ!"

खिडकी करकरत उघडली आणि बोका विज्ञानाच्या खोलीत धपकन पडला. त्याच्या मागून मुंगी चढली. शेवटी दुर्बिणीने आधी आपला चष्मा आत दिला आणि मग स्वतः आली. वर्गात तिघांना याच टोपणनावांनी ओळखत. चष्म्याशिवाय तिला चौकट आणि भिंत यांत फरक कळत नसे, पण चष्मा फुटला तर आई फोडून काढेल हे तिला पक्कं कळत असे.

सुट्टी नुकतीच लागली होती. शाळेत चिटपाखरू नव्हतं. फाटकापाशी पहारेकरी काका खुर्चीत पेंगत होते आणि वर गच्चीवर परीक्षेच्या आधीपासून सुरू असलेली दुरुस्तीची ठोकाठोक चालली होती. लवकरच शाळेत लहान मुलांचं सुट्टीतलं शिबिर भरणार होतं आणि त्याचं सामान ठेवायला ही खोली रिकामी करायची होती. टेबलावरचे कागदी पेले कचऱ्यात जाणार होते.

ते पेले बघताच मुंगी टेबलाशी थबकली. वर्गातल्या प्रत्येकाचा एक पेला. आत ओला कापूस आणि कापसावर घेवड्याच्या बिया. एकाही पेल्यात हिरवा ठिपका नव्हता! बिया नुसत्या फुगून, तपकिरी पडून, कुजून गेल्या होत्या.

याच पेल्यांनी सगळा घात केला होता. प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले, तेव्हा विज्ञानाच्या बाई मुलांना म्हणाल्या होत्या, "जे दिसलं तेच लिहायचं. पुस्तकात छापलंय ते नाही." म्हणून सगळ्या वर्गाने प्रामाणिकपणे लिहिलं, 'बिया उगवल्या नाहीत.' शेजारच्या तुकडीने तर प्रयोग केलाच नव्हता. त्यांनी पुस्तकातल्या अंकुराचं चित्र काढलं, रंगवलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले! मुंगीच्या वर्गाच्या उत्तरांवर मात्र परीक्षकांनी शेरा मारला, 'कृती केलेली दिसत नाही.' सगळे नापास. मग मुख्याध्यापकांनी बाईंना खोलीत बोलावून घेतलं. बाई बाहेर आल्या त्या खाली मान घालून, हातात स्वतःची पिशवी घेऊनच. सुट्टीनंतर त्या येणार नाहीत, हे मुलांना शिपाईमामांकडून कळलं.

"घे तुझा पेला आणि चल," बोका म्हणाला. "आता काय त्याची पूजा करायचीय?"

"पण मी पाणी घातलं होतं रे!" मुंगीने आपला पेला उचलला. "रोज घातलं होतं. इथल्याच नळाचं. आई म्हणते विसरली असशील, परीक्षक म्हणतात आळशी. सगळ्यांनी घातलं होतं. मग सगळ्यांच्याच बिया कशा मेल्या?"

दुर्बिणीने पेला डोळ्यांजवळ नेला. "बिया खराब असतील."

"बाईंकडे उरलेल्या बिया कपाटात आहेत. बघू या ना लावून!"

बोक्याने कपाळाला हात लावला. "सुट्टीत अभ्यास! देवा, मला उचल!"

तरी कपाटातून बियांची पुडी त्यानेच शोधून काढली. दुर्बिणीने नेहमीप्रमाणे नेम धरून अडचण काढली. "उगवल्या तर बिया चांगल्या, एवढंच कळेल. पाण्याचं काय? निरनिराळं पाणी घालू. बिया त्याच, कापूस तोच, जागा तीच. फक्त पाणी वेगळं."

मग तिघांनी बोक्याच्या घराच्या मागच्या ओट्यावर पेले मांडले. काहींत घरचं पाणी, काहींत शाळेच्या मैदानावरच्या नळाचं आणि काहींत विज्ञानाच्या खोलीतलं, बाटल्या भरभरून आणलेलं. बोक्याची आजी रोज विचारी, "काय रे, आज काय उगवलं?" आणि बोका रोज म्हणे, "आजी, आज फक्त कंटाळा उगवला."

पण एका सकाळी तो धापा टाकत मुंगीच्या दारात आला. घरच्या पाण्याच्या पेल्यांत पांढरे कोंब वर आले होते! मैदानावरच्या नळाच्या पेल्यांतही! विज्ञानाच्या खोलीतल्या पाण्याचे पेले मात्र तस्सेच. मेलेले.

मुंगी आनंदाने नाचेल असं बोक्याला वाटलं होतं. ती पायरीवर बसली. "म्हणजे आपलं काहीच चुकलं नव्हतं," ती म्हणाली. "बाईंचंही नाही. आणि तरी..."

तिघं धावत बाईंच्या घरी गेली. दार शेजारच्या काकूंनी उघडलं. "हळू बोला. बाईंना बरं नाही. कुणालाच भेटत नाहीत त्या, जेवणही धड नाही. जा, मग या." आतल्या खोलीचं दार बंद होतं. मुंगी त्याच्याकडे बघत राहिली.

"पाण्यात काय आहे ते तरी बघू," जिना उतरताना दुर्बीण म्हणाली. "आठवतं? हळदीचा कागद! साबणाच्या पाण्यात बुडवला की लाल, चुन्याच्या पाण्यात लाल, साध्या पाण्यात पिवळाच."

मुंगीच्या स्वयंपाकघरात हळद कालवून कागद रंगवले गेले, आणि ओट्याला, भांड्यांना, बोक्याच्या नाकालाही रंग चढला. कागद वाळल्यावर मुंगीने एक पट्टी घरच्या पाण्यात बुडवली. पिवळी. दुसरी विज्ञानाच्या खोलीतल्या पाण्यात. बघता बघता पट्टी विटेसारखी लाल झाली!

"अगं बाई!" दुर्बीण ओरडली. "आपण पाणी पितो तो मैदानाचा नळ रस्त्यावरच्या पाइपातून येतो. खोलीतलं पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून!"

दुपारी कामगार जेवायला खाली उतरले तशी तिघं गच्चीवर गेली. गच्ची गळू नये म्हणून सिमेंटमध्ये कसलीशी पूड कालवून तिथे थर दिला जात होता. टाकीचं झाकण बाजूला पडलं होतं. बोक्याने वाकून पाहिलं आणि शीळच घातली. "अरे बापरे! यांनी थापी, घमेली, सगळं टाकीतच धुतलंय! आणि ते बघ, सिमेंटची आख्खी गोणी फुटून आत पडलीय!" तळाशी करड्या गाळाचा जाड थर साचला होता.

"काय रे कार्ट्यांनो, इथे काय करताय?" मागून ठेकेदार गरजला. "उतरा खाली! पडलात तर माझ्या नावाने बोंब!"

पळता पळता मुंगीला खालच्या मजल्यावर एक माणूस दिसला. तो शिबिरासाठी आणलेल्या थंड पाण्याच्या यंत्राला नळी जोडत होता. नळी येत होती गच्चीवरच्या टाकीतून! उद्या सकाळी शिबिर सुरू होणार होतं आणि लहान मुलं हेच पाणी पिणार होती.

मुख्याध्यापक आपल्या खोलीत शिबिराच्या भाषणाची उजळणी करत होते. मुंगीने धाप आवरत सगळं सांगितलं. लाल पट्टी त्यांच्या टेबलावर ठेवली.

"बी उगवलं नाही म्हणून आता पाण्यावर खापर?" ते हसले. "हळदीचे कागद? अगं, हा काय खेळ आहे?"

"सर, तुम्ही फक्त एकदा वर येऊन बघा. टाकीत..."

"टाकी मी स्वतः धुऊन घेतलीय साहेब," इतक्यात दारात येऊन उभा राहिलेला ठेकेदार म्हणाला. "ही पोरं गच्चीवर हुंदडत होती. मीच हाकललं."

मुख्याध्यापकांचा चेहरा बदलला. "कुणाच्या परवानगीने गेलात? तुमच्या बाईंनी हेच शिकवलं का? पुन्हा आवारात दिसलात तर आईवडिलांना बोलवीन! चला, बाहेर व्हा!"

लाल पट्टी त्यांनी कचऱ्याच्या डब्यात टाकली.

घरी मुंगीने आईला सांगून पाहिलं. आई शिलाई यंत्रावर वाकली होती. "मुंगे, मोठ्या माणसांना कळत नाही का गं? पुरे झालं ते बियांचं." मुंगी उशीत तोंड खुपसून पडली. खरं सांगितलं की नापास करतात. खरं दाखवलं की हाकलून देतात. मग खरं शोधायचं तरी कशाला? तिला त्या बंद दारामागे पडून राहिलेल्या बाईंची आठवण आली आणि रडूही येईनासं झालं.

सकाळी दुर्बीण दारात हजर. "ऊठ! ऐकत नाहीत ना? मग त्यांना ऐकवायचंच नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे करायचं!"

शिबिराच्या सभागृहात टोप्या घातलेली चिमुरडी मुलं, मागे आईबाबा, पुढे मुख्याध्यापक आणि ठेकेदार. शिबिराची ताई घामाघूम झाली होती, कारण जादूगार आलाच नव्हता.

"ताई, आम्ही मुलांना एक गंमत दाखवू?" मुंगीने विचारलं. "रंग बदलणारे कागद!"

"दाखवा गं बाई, देवासारख्या आलात!"

मुख्याध्यापकांनी भुवया उंचावल्या, पण इतक्या पालकांसमोर काय बोलणार? दुर्बिणीने पिवळ्या पट्ट्यांची थप्पी सरळ ठेकेदाराच्या हातात दिली. "काका, वाटायला मदत करता?" आणि ठेकेदार फुशारकीने पट्ट्या वाटू लागला!

बोका पाण्याच्या यंत्रापुढे हात पसरून उभा होता. "पाणी प्यायचं नाही! आधी जादू, मग पाणी! काका, ढकलू नका, मी भिंत आहे असं समजा!"

पण त्याच्या येण्याआधीच एका चिमुरडीने पेलाभर पाणी पिऊन टाकलं होतं.

मग बोक्यानेच यंत्रातलं पाणी मुलांच्या पेल्यांत थोडं थोडं ओतलं आणि मुलांनी त्यात पट्ट्या बुडवल्या. "लाल! माझी लाल झाली! ताई, माझी पण!" सभागृहभर किलबिलाट उठला. एका मुलाने घरून आणलेल्या बाटलीत पट्टी बुडवली, ती पिवळीच राहिली. तो रडवेला झाला. "माझी जादू का नाही झाली?"

"कारण तुझं पाणी चांगलं आहे," मुंगी मोठ्याने म्हणाली. "या यंत्रातलं पाणी गच्चीवरच्या टाकीतून येतं. टाकीत सिमेंट पडलंय. या पाण्यात बी सुद्धा उगवत नाही. आम्ही कालच सांगितलं होतं!"

तेवढ्यात आधी पाणी प्यायलेली ती चिमुरडी ओकली. "आई, घसा जळतोय!" म्हणून ती किंचाळली आणि मग एकच गोंधळ उडाला. तिचे बाबा तिला उचलून दवाखान्याकडे धावले. चार पालक गच्चीवर गेले आणि गाळाने भरलेलं घमेलं घेऊन खाली आले. ठेकेदार मागच्या दाराने सटकायला बघत होता, पण बोक्याने त्या दाराची कडी आधीच लावून ठेवली होती!

संध्याकाळपर्यंत दवाखान्यातून निरोप आला. घशाला आतून फोड आलेत, पण मुलगी वाचली. पेलाभराऐवजी तांब्याभर प्यायली असती तर काय झालं असतं, असं डॉक्टर म्हणाले म्हणे. मुंगीला ते वाक्य ऐकवेना. काल कुणी चार पायऱ्या चढून वर गेलं असतं, तर ती तेवढंही प्यायली नसती.

आठवडाभराने सभागृहात तिघांना पुढे बोलावण्यात आलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. "या मुलांनी शाळेची लाज राखली!" मुख्याध्यापक म्हणाले. मुंगीच्या डोक्यावर त्यांनी हात ठेवला. लाल पट्टी टाकणारा तोच हात. "आणि त्यांच्या सगळ्या वर्गाला आता विज्ञानात पैकीच्या पैकी गुण!" आई पहिल्या रांगेत पदराने डोळे पुसत होती.

"सर, आणि बाई?" मुंगीने विचारलं.

"हो, हो. बघू. तसा त्यांनी स्वतःच राजीनामा दिलाय," मुख्याध्यापक म्हणाले आणि फोटो काढणाऱ्याकडे वळले.

तिघं तिथूनच निघाली. बाईंच्या दाराला कुलूप होतं. आवाज ऐकून शेजारच्या काकू बाहेर आल्या. "अरे, त्या परवाच गेल्या बहिणीच्या गावी. तिथे कापडाच्या दुकानात काम मिळालंय. पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही म्हणाल्या. थांबा, लावून देते फोन."

मुंगीने दोन्ही हातांनी फोन धरला. सगळं सांगितलं. पेले, हळदीचे कागद, टाकी, ती चिमुरडी. मग बाईंनी हळूच विचारलं, "बिया त्याच घेतल्या होत्या ना सगळ्या पेल्यांत?"

"हो बाई. कापूस पण तोच. फक्त पाणी वेगळं."

"बरोबर केलंत." बाई पुन्हा म्हणाल्या, "अगदी बरोबर केलंत."

"मग बाई, तुम्ही परत या ना! आता सगळ्यांना कळलंय!"

"नाही गं राजा. आता मला नाही जमायचं. त्या खोलीत शिरायला पायच उचलायचे नाहीत माझे." मागे कुणीतरी कापडाचा भाव विचारत होतं. "ठेवते हं. गिऱ्हाईक आलंय."

फोन बंद झाला, तरी मुंगीने तो कानालाच धरून ठेवला. काकूंनी तिची पाठ थोपटली. "शाब्बास गं पोरी! सगळ्या गल्लीत तुमचंच नाव आहे! काय म्हणाल्या बाई? येणार ना?"

दुर्बीण चष्मा काढून उगाचच पुसत बसली. बोका दारावरचं कुलूप हलवून बघत होता. मुंगीने फोन काकूंच्या हातात ठेवला.

"म्हणाल्या, बरोबर केलंत," ती म्हणाली आणि जिना उतरू लागली.