जात्याखालचा उसासा

"पळा! पळा! पुन्हा आलं ते!"

हातातली अर्धी भाकरी तशीच धरून ज्ञानू स्वयंपाकघरातून जो सुटला, तो थेट अंगणातल्या लिंबाखाली येऊन थांबला. त्याच्या मागोमाग अंजनाही बाहेर आली. पण ती पळाली नाही हं! बारा वर्षांच्या मुलीनं दहा वर्षांच्या भावासारखं पळायचं म्हणजे काय? ती फक्त भरभर चालत आली.

वैशाखातली टळटळीत दुपार. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सांगलीजवळचं ते हळदीचं गाव दारं लोटून झोपलं होतं.

"काय झालं रं?" कुंपणावरून उडी मारून गुंडा आला. तो पलीकडच्या आळीतला. लोणंदहून ही दोघं भावंडं सुट्टीला मावशीकडं आली, त्या दिवसापासून त्यांची आणि गुंडाची गट्टी जमली होती.

"घर... घर कण्हतंय!" ज्ञानू म्हणाला.

"कण्हतंय? ताप आलाय व्हय घराला? काढा द्या की मग!" गुंडा खो खो हसला.

आणि तेवढ्यात आतून आवाज आला. "हूंऽऽऽ..." कुणीतरी फार खोलवरून, फार दमून उसासा टाकावा तसा. मग खालून कुठूनतरी ठक... ठक... ठक...

गुंडाचं हसू जागच्या जागी विरलं. "आयला!" एवढंच त्याच्या तोंडून निघालं.

राहीबाई मावशी दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. पदरानं तिनं कपाळ पुसलं आणि पुन्हा आत गेली, कारण चुलीवर आमटी उतू चालली होती. भूत असो नाहीतर आणखी काही, आमटी कुणासाठी थांबते?

घर कण्हायला लागलं त्याला महिना होऊन गेला होता. मावशीचे यजमान, बाळासो काका, फौजेत होते. लढाई संपली तरी त्यांची पलटण अजून सुटली नव्हती. हे घर त्यांनी काही वर्षांमागं एका लांब रजेत स्वतः राबून उभं केलं होतं. शेजारच्या मोकळ्या जागेत माघ महिन्यात नाथाजी कंत्राटदारानं हळदीच्या वखारीचा पाया खणायला घेतला, आणि घराच्या त्या बाजूच्या भिंतीला केसाएवढी चीर पडली. पाडव्याला तीत बोट जाऊ लागलं. दार चौकटीत अडकायला लागलं. मग भरदुपारचे ते उसासे सुरू झाले.

"राहीबाई, ह्या जाग्याचं काय खरं न्हाई बघा," नाथाजी कुंपणाशी येऊन हळहळायचा. "जागा बाधिक हाय. मालक लांब, तुमी एकल्या. घर मला देऊन टाका आन म्हायेरी जावा. जिवापरीस घर मोठं हाय का?"

मावशीनं तक्रार केली नव्हती असं नाही. बांधकामं तपासणारे ओव्हरसियरसाहेब एकदा येऊन गेले होते. पण मावशीनं काय करावं? साहेब घरी येणार म्हणून पहाटे उठून तिनं जमीन सारवली, भिंती पांढऱ्या मातीनं झकास पोतारल्या, दारात रांगोळी काढली! पाहुणा यायचा म्हटल्यावर फुटकी, मळकी भिंत कोण दाखवील? साहेबांनी बघितलं तर भिंत लख्ख. चिरेचा मागमूस नाही. "बाई, उगाच कुणावर आळ घेऊ नये," असं बजावून साहेब निघून गेले. संध्याकाळी पोतारा वाळला आणि चीर पुन्हा दात विचकून उभी राहिली.

ते ऐकून अंजनाला हसावं की रडावं कळेना. खरं सांगायचं तर तिला मावशीचा रागच आला होता. पण त्या रात्रीचं जेवण मावशीला गेलं नव्हतं म्हणे, आणि मग अंजनाचा राग गेला.

"मला एक कागद दे," ती ज्ञानूला म्हणाली. "आन मावशे, थोडी खळ शिजव."

तिनं वहीच्या कागदाच्या तीन पट्ट्या कापल्या, खळीनं चिरेवर आडव्या चिकटवल्या आणि प्रत्येकीवर तारीख घातली.

"ह्यानं भूत अडतंय व्हय?" गुंडानं विचारलं.

"अडत न्हाई. पर भिंत हालती का न्हाई ते कळतंय."

दुसऱ्या दिवशी वरची पट्टी मधोमध फाटली होती. तिसऱ्या दिवशी तिन्ही फाटल्या. भिंत चालत होती! रोज, थोडी थोडी, घरापासून लांब.

"आज आपण भायेर पळायचं न्हाई," अंजनानं जाहीर केलं. "आवाज कुठनं येतो ते बघायचं."

"मी बघतो की. लिंबाखालनं बघतो!" ज्ञानू म्हणाला.

पण तोही आत बसला, ताईचा परकर घट्ट धरून. तिघं स्वयंपाकघरात भिंतीला पाठ लावून बसली. मावशी शेजारणीकडं शेवया वळायला गेली होती. कोपऱ्यात जातं होतं. सकाळच्या दळणाचं पीठ त्याच्याभोवती पांढऱ्या कड्यासारखं सांडलेलं होतं. दुपार इतकी शांत झाली, की आढ्यावरची पाल चुकचुकली तरी तिघं दचकली.

ठक... ठक...

तांब्यातल्या पाण्यावर बारीक वलयं उठली. आवाज भिंतीतून नव्हे, जमिनीखालून येत होता. अगदी त्यांच्या खालून! ज्ञानूनं डोळे मिटून घेतले. आणि मग...

"हूंऽऽऽ..."

जात्याच्या एका बाजूचं पीठ आपोआप वर उडालं, हवेत तरंगलं आणि हळूहळू अंजनाच्या पावलांवर येऊन बसलं.

"जातं... जातं फुंकतंय!" गुंडाच्या तोंडचं पाणी पळालं.

अंजनालाही उठून पळावंसं वाटत होतं. पण पळालं तर मावशीचं घर गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती रांगत जात्यापाशी गेली आणि तिनं जमिनीच्या फटीवर तळहात धरला.

थंडगार वारा! भर वैशाखात, बंद घरात, जमिनीतून थंडगार वारा येत होता, आणि त्याला ओल्या मातीचा आणि जुन्या हळदीचा वास होता.

"गुंडा," ती हळूच म्हणाली, "भुताला हळदीचा वास येतो का रं?"

गुंडाचा आजा तात्याबा सत्तरीचा होता. उभा जन्म त्यानं पेवांत उतरण्यात घालवला होता. पेव म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठी. वर माणूस जेमतेम शिरेल एवढं तोंड, आणि खाली विहिरीएवढं पोट. पोरांनी सगळं सांगितलं तसा त्याचा पान लावणारा हात थांबला.

"जात्यापाशी? हळदीचा वास?"

तो काठी टेकत आला. जात्याजवळ त्यानं काठी आपटली. ढब! चुलीजवळ आपटली. ठक. पुन्हा जात्याजवळ आपटली. ढब!

"मागं व्हा, पोरांनो. सावकाश. उड्या मारू नगा." त्याचा आवाज एकदम बदलला होता. "राहीबाई, जात्याखाली काय हाय?"

"मोठी शिळा हाय," मावशी म्हणाली. ती नुकतीच परत आली होती. "घर बांधताना आयती घावली. धनी म्हनालं, जात्याला बरी बैठक झाली."

"बैठक न्हवं बाई, त्ये पेवाचं झाकान! माज्या तरनेपनी मोठा पूर आला, तवा ह्या अंगाची पेवं गाळात गेली. आमाला वाटलं, समदी भरली. हे एक रिकामंच ऱ्हायलं."

"म्हंजे इतकी वर्सं मी पेवावर दळत बसले?" मावशी मटकन खालीच बसली.

"त्याचं काय न्हाई. बंद पेव शंभर वर्सं गप पडतं. पर बंद पेव श्वास घेत न्हाई गं पोरी! ह्याला दुसरं तोंड फुटलंय."

सगळ्यांच्या नजरा एकाच वेळी भिंतीकडं वळल्या. भिंतीपलीकडं नाथाजीच्या पायाच्या खड्ड्यात एका कोपऱ्यावर बांबूचे तट्टे उभे केलेले होते. तिकडं कुणालाही फिरकू देत नसत.

"आत्ता जातो आन तट्टे उचकाटतो!" गुंडानं बाह्या सारल्या.

"येडा हायेस का?" अंजनानं त्याला मागं ओढलं. "त्यांना कळलं तर एका दिसात तोंड बुजवतील, आन म्हनतील, कुठाय पेव? सायबांनी सोताच्या डोळ्यांनी बघाय पायजे. कवा येनार हायेत ते?"

"शुक्रवारी. वखारीचा पाया तपासाय," गुंडा म्हणाला.

शुक्रवारी सकाळी अंजना जागी झाली ती पाण्याच्या आवाजानं. बघते तर मावशी घमेल्यात पांढरी माती कालवत बसलेली!

"मावशे! काय करतीस?"

"अगं, सायेब यायचं. भिंतीला हात फिरवते जरा. असली भिंत बघून काय म्हनतील?"

अंजनानं घमेलं उचललं आणि सरळ अंगणात उपडं केलं. "आज भिंतीला कुनी हात लावायचा न्हाई!"

मावशी तोंडावर पदर धरून बघतच राहिली. मग तिला हसू फुटलं, फार दिवसांनी.

भरदुपारी साहेब आले. सोबत छत्री धरून नाथाजी होताच. अंजनानं वाटेतच हात जोडले. "साहेब, पाच मिनिटं आमच्या घरी चला. एवढी भिंत बघा."

"अहो, ती बाई भ्रमिष्ट झालीय," नाथाजी गडबडीनं म्हणाला. "जागा बाधिक हाय!"

"पाच मिनिटांनी काय होतंय?" म्हणत साहेब आत आले. चीर बघून त्यांच्या भुवया वर गेल्या. तारखांच्या फाटक्या पट्ट्या त्यांनी वाकून वाचल्या.

"पोरांनीच फाडल्या असतील," नाथाजी म्हणाला. "आन आत्ता तर काम बंद हाय माझं. दुपारी माझ्याकडं एक कुदळ हालत न्हाई!"

"खरं ना? नक्की कुनी काम करत न्हाई?" अंजनानं विचारलं.

"आईशपथ न्हाई!"

"मग तात्याबा, सोडा कंदील." तात्याबा कंदील-दोरी घेऊन आधीच येऊन थांबला होता.

गुंडा आणि ज्ञानूनं आधीच जातं बाजूला सारलं होतं. गुंडानं दाराशी उभं राहून लांब पहारीनं शिळा तरफली. काळं, वाटोळं तोंड उघडलं. त्यातून आलेल्या गार वाऱ्यानं साहेबांच्या कपाळावरचे केस हलले.

"सायेब, पेवात उतरायच्या आदी आमी दिवा सोडतो," तात्याबा म्हणाला. "बंद पेवात वाईट हवा असती. दिवा दोन हातांवर इझतो. माझ्या डोळ्यांदेखत मानसं गेल्यात. आता बघा."

दोरीला बांधलेला कंदील खाली गेला. दोन हात. पाच हात. दहा हात. ज्योत विझली तर नाहीच, उलट ती एका बाजूला झुकली. त्या उजेडात पेवाची एक बाजू ताजी खणलेली दिसत होती. अगदी मावशीच्या भिंतीखालची! ओल्या मातीवर कुदळीचे घाव चमकत होते. तेवढ्यात उजेडात एक घामेजलेलं तोंड आलं. त्यानं वर पाहिलं. अधांतरी खाली येणारा दिवा पाहिला.

"आयाऽऽऽ! भूऽऽत! शेठ, भूत आलं वो!"

तोंड नाहीसं झालं. खाली धडपड, काहीतरी मोडल्याचा आवाज, आणि मग घुर्रर्र करत माती ढासळली.

"भायेर! समदे भायेर!" तात्याबा ओरडला.

अंजनानं ज्ञानूच्या बखोटीला धरून त्याला दाराबाहेर खेचलं. तो उभा होता तिथंच भिंतीचा भलामोठा पोपडा धाडकन येऊन पडला. मातीचा लोट अंगणात आला. सगळे खोकत असतानाच भिंतीपलीकडचे तट्टे आडवे झाले, आणि अंगभर माती माखलेला नाथाजीचा गडी कोंडीबा बोंबलत बाहेर आला. तो थेट साहेबांच्या पायांवर पडला.

"सायेब, वाचवा! शेठ सांगत हुते त्ये खोटं न्हाई! जागा बाधिक हाय! मी आता जन्मात खनाय उतरनार न्हाई!"

नाथाजीच्या हातातली छत्री गळून पडली. ज्या भुताची भीती त्यानं सगळ्या आळीला घातली, ते शेवटी त्याच्याच गड्याला भेटलं होतं!

बाकीचं कोंडीबानंच भडाभडा ओकलं. पाया खणताना पेवाचं पोट फुटलं होतं. आयतं तळघर मिळालं म्हणून नाथाजीनं ते कुणाला कळू न देता वाढवायला घेतलं, तेही गाव झोपलेलं असताना. दुपारी सुटणारा नदीकडचा वारा तट्ट्याच्या फटीतून पेवात शिरला की पेव घुमायचं आणि वर जातं उसासे टाकायचं.

"आयत्या बिळावर नागोबा!" तात्याबा थुंकला. "अरं, खाली खनलं तर वरचं घर कशावर हुबं ऱ्हानार?"

साहेबांनी तिथंच, लिंबाखाली उभं राहून हुकूम लिहिला. वखारीचं काम आजपासून बंद. पेव दगड-मुरूम घालून, धुमसानं ठोकून भरायचं. राहीबाईंची भिंत पायापासून नवी बांधून द्यायची, आणि ती पुरी झाल्याशिवाय वखारीची एक वीटही चढवायची नाही. नाथाजीनं मान खाली घालून खाली सही केली.

मग साहेब अंजनाकडं वळले. "पोरी, कागदाच्या पट्ट्या लावायचं तुला कुणी शिकवलं?"

"कुनी न्हाई. मावशी रोज भिंत झाकायची, म्हनून मला वाटलं, भिंतीनंच बोललं पायजे."

"शाबास! मोठमोठ्या कामांवर आम्हाला हे सुचत नाही." त्यांनी ज्ञानू आणि गुंडाचीही पाठ थोपटली. ज्ञानू इतका फुगला, की आपण त्या दुपारी ताईचा परकर धरून बसलो होतो हे तो साफ विसरला.

जाता जाता साहेब मावशीपुढं थांबले. त्यांनी टोपी काढली. "बाई, मागच्या खेपेला मी नीट बघितलं नाही आणि तुम्हालाच बोललो. चूक माझी होती."

एवढा मोठा साहेब आपल्याला असं म्हणतोय हे मावशीला खरंच वाटेना. तिनं पदर सावरला.

"ते असूं द्या सायेब. आता भिंत नवी बांधताच हायसा, तर तेवढी एक गोष्ट लिवा."

"कोणती?"

"त्या अंगाला मला एक खिडकी पायजे. चांगली मोठी. नाथाजीशेठ पलीकडं काय खनत्यात, ते मला चुलीपुढं बसून दिसलं पायजे!"

साहेब मोठ्यानं हसले आणि त्यांनी पुन्हा खिशातून पेन काढलं.