तीन बोटांचं सारवण

ही ऐकीव गोष्ट नाही. यशश्री माझी सख्खी मावसबहीण. तिनं आईची शपथ घेऊन सांगितली, आणि त्यातलं थोडं तर मी स्वतः पाहिलं.

तारीख १५ मार्च २०२२, मंगळवार. जालना शहरातली जुनी वस्ती. गल्लीचं नाव सांगणार नाही, कारण तिथं आता छप्पन्न कुटुंबं राहतात.

जुनी घरं पाडून तिथं इमारत व्हायची होती. पाया खणताना खोलवर जुन्या विटा लागल्या आणि काम थांबलं. पाहणीला यशश्री आली. उत्खनन हाच तिचा पेशा. खरं तर तिनं हे काम घ्यायलाच नको होतं, कारण पाडलेल्यांत एक घर तिच्याच वडिलांचं होतं. नरहरकाका दुखरे गुडघे धरत भाड्याच्या तिसऱ्या मजल्यावर चढायचे आणि रोज विचारायचे,

"यशू, कधी जायचं आपल्या घरात?"

त्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, दहा फूट खाली, मातीची जमीन लागली. शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी सारवलेली. बोटांच्या रेषासुद्धा शाबूत होत्या.

पण चार बोटांच्या नाही...

तीनच.

फोटोत मातीचे रंग उठून दिसावेत म्हणून जमीन झाडून वर पाणी शिंपडतात. रोजचंच काम. यशश्रीनं तेच केलं.

हसनाबादच्या गिरिजाबाई मजुरीला होत्या. त्यांनी घमेलं तिथंच टाकलं.

"ताई, उठून गेलेल्या घरात सडा टाकू न्हाई. सडा टाकला की घर जागं होतंय. मंग घरची बाई येती."

यशश्री हसली. "येऊ द्या. आपल्याला माणूस कमीच पडतंय."

बोलून गेली बिचारी.

दुपारी सगळे वर लिंबाखाली डबे सोडून बसले. वारा नव्हता. खड्ड्यात उतरायला एकच शिडी, आणि तिच्या तोंडाशी यशश्री बसलेली.

तेवढ्यात खालून...

खसर... खसर...

ओल्या मातीवर हात फिरल्याचा आवाज.

कुत्रं असेल म्हणून ती वाकली.

खाली कोणीच नव्हतं. जमीन मात्र ताजी सारवलेली होती, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. शेणाचा ओला वास येत होता. पावलाचा एक ठसा नव्हता.

रेषा तीन बोटांच्या.

गिरिजाबाईंनी डबा उचलला आणि त्या गेल्या. परत आल्या नाहीत.

ती जमीन कागदावर आली असती तर काम निदान वर्षभर अडकलं असतं. यशश्रीला वडिलांचे गुडघे दिसले. तिनं लिहिलं, 'उल्लेखनीय काही आढळले नाही.' दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवला.

इमारत झाली. काकांना तळमजला मिळाला. गुडघ्यांमुळे त्यांचा पलंग हॉलमध्येच टाकला.

दीड महिन्यापूर्वी विमलमावशी, म्हणजे यशश्रीची आई, सहज म्हणाली, "पहाटं कोणतरी आपल्या दारात सारवून जाऊन राह्यलंय. फरशीवर सारवण, येडी का काय."

यशश्री धावत दाराशी गेली.

तीन रेषा.

तिनं फिनेल टाकून पुसलं. दुसऱ्या सकाळी सारवण उंबऱ्याच्या आत आलं होतं. दाराला आतून कडी होती.

तेव्हापासून रोज पुसायचं, आणि रोज ते चार बोटं आणखी आत. यशश्री खोदकामाचा टेप लावते, वहीत आकडा लिहिते. दुसरं काय करणार, सवय ती.

गेल्या रविवारी टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं. पलंगापर्यंत एक फूट उरलं होतं.

तिनं काकांना सगळं सांगितलं, खोट्या अहवालासकट. हात जोडले, चला म्हणाली.

काका शांतपणे म्हणाले, "अडीच वर्षं दुसऱ्याच्या घरात काढली. आता मी हितून हलणार न्हाई. सारवू दे तिला. तिचंबी घरच हाय ते."

आज सकाळी यशश्रीचा फोन आला. सारवण एका रात्रीत पलंगाखालून पार पलीकडच्या भिंतीला टेकलंय. काका बरे आहेत, चहाही घेतला.

फक्त उठल्यापासून दाराकडे बघत एकच विचारतायत...

"आपली बाकीची माणसं कधी यायची?"

मावशी आणि यशश्री सोडून काकांना कोणीही नाही.

आणि त्या दोघी त्यांच्यासमोरच उभ्या होत्या.