गुडघ्यात राहिलेला हात

एखाद्याचा मेंदू गुडघ्यात आहे, असं आपण चिडून म्हणतो. डॉ. अझीम मुजावर हेच शांतपणे आणि पुराव्यासकट म्हणायचे. मिरजेबाहेरच्या भौतिकोपचार, म्हणजे फिजिओथेरपीच्या महाविद्यालयात, तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत त्यांनी त्यासाठी एक यंत्र बांधलं होतं आणि त्याचं नाव ठेवलं होतं स्नायुवाचक. मांडीपासून पोटरीपर्यंत गुंडाळायची एक पट्टी, टेबलावर मऊ कातडीचा एक कृत्रिम पंजा आणि भोवती मुजावरांचे न विसळलेले चहाचे कप, एवढाच तो संसार.

त्या सकाळी प्राचार्या सुनीती बिरनाळे खाली आल्या, त्या जरा घाईतच. पुढच्या आठवड्यात विद्यापीठाची समिती यायची होती. समितीच्या लोकांना हे यंत्र समजावून सांगायचं होतं, आणि मुजावर समजावायला लागले की ऐकणारा हळूहळू दाराकडे सरकतो हा बाईंचा अनुभव होता. तेव्हा जे काय आहे ते दोन वाक्यांत बसवा, असा त्यांनी दमच भरला.

मुजावरांनी विचार केला. "महिनोन् महिने प्लॅस्टरमध्ये अडकलेला पाय चालणं विसरतो, आणि पुन्हा शिकतो तेव्हा त्याला वाकवणाऱ्या हाताच्या लयीत शिकतो. ती लय स्नायूच्या बारीक थरथरीत जन्मभर राहते आणि आपण ती वाचून तो हात पुन्हा उभा करतो. म्हणजे बघा, आजोळी बोलायला शिकलेल्या पोराला आजोळचा हेल राहतो की नाही, तसं."

"ते आजोळचं आधी सांगा," बाई म्हणाल्या. "बाकीचं मग आपोआप कळेल."

स्नायूत राहिलेल्या त्या लयीला मुजावर हस्तठसा म्हणत. पण बाईंना यंत्राहून त्यातून निघणाऱ्या परीक्षेचं जास्त अप्रूप होतं. कृत्रिम पाय वाकवून दाखवायचा, त्यात उमटलेला तुमचा हस्तठसा मानठशाशी ताडून बघायचा आणि जुळला तर बारावीचे गुण कितीही पडके असोत, प्रवेश पक्का. यंदा थोड्या जागांपुरती तिला परवानगी होती, पुढचं समिती ठरवणार होती. मानठसा म्हणजे ज्याच्याशी तुलना करायची तो नमुन्याचा हात. तो कुणाचा? अर्थात बिरनाळेबाईंचा. पंचक्रोशीत त्यांच्या हाताला नाव होतं आणि खोटा विनय दाखवणं हा त्यांचा स्वभाव नव्हता.

या परीक्षेच्या हट्टामागे एक जुनं दुखणं होतं. बाईंच्या वेळी ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवर सगळं ठरायचं. फिजिक्सनं सुनीतीची अशी काही जिरवली होती की, निकाल लागला त्या दिवशी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीआड जाऊन बसली. खाली मोबाईलला रेंज नाही आणि वर आली तरी यादीत नाव नाही. पहिली फेरी गेली, दुसरी गेली. आप्पा, म्हणजे तिचे वडील, रोज तोच पत्ता पुन्हा टाईप करून बघायचे, जणू साईटलाच दया येईल. शेवटी कोणीतरी एक मुलगी सीट सोडून मेडिकलला गेली आणि त्या रिकाम्या जागेत सुनीती घुसली. किती साधे दिवस होते ते! विभागात सांधे शेकायचं मेण वितळल्याचा वास, हॉस्टेलच्या मेसमधली पातळ आमटी, संध्याकाळी दुखणारे अंगठे. बाईंना आजही मेणाचा वास आला की उगाच बरं वाटायचं. आपल्यासारखी पोरं कुणाच्या सोडलेल्या जागेवर नको, स्वतःच्या हातावर यायला पाहिजेत, एवढंच त्यांना निवृत्त होण्याआधी करून जायचं होतं.

आणि नेमकी तिथंच माशी शिंकली होती. परीक्षा दिलेल्या पडक्या गुणांच्या मुलांत रेवा चौगुले नावाची शिरोळची मुलगी होती. अर्धांगाचा झटका आलेल्या आत्याचा हात तिनं घरीच रोज हलवून हलवून असा वळणावर आणला होता की, आत्या आता बशीत चहा ओतून पीत होती. प्रवेशासाठी ही रेवाची दुसरी खेप. यंदा झालं नाही तर घरच्यांनी तिला बी.कॉम.ला घालायचं ठरवलं होतं आणि ती त्या धास्तीनं रडकुंडीला आली होती. बाईंना वाटलं होतं, ही पोर हमखास निघणार. पण मानठशाच्या काठालाही तिचा हात लागेना. दुखायच्या जागेच्या अलीकडेच तिचा हात थांबतो आणि थांबूनच राहतो, असं यंत्राचं म्हणणं होतं. बाईंचा हात तिथं थांबत नसे, पुढे जात असे. बाईंना वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम. शेवटच्या फेरीला आठवडा होता आणि रेवाला नाही म्हणून सांगायचं तेवढं उरलं होतं.

त्याआधी समितीला दाखवायला एक जिवंत पुरावा हवा होता. मुजावरांचं म्हणणं होतं की, बाईंनी बऱ्या केलेल्या जुन्या पेशंटचा पाय वाचावा, त्यात बाईंचाच हात निघेल आणि समितीची तोंडं बंद होतील. बाईंना कोणाला बोलवायचं याचा विचारच करावा लागला नाही. बाहुबली मगदूम, त्यांचा पहिला पेशंट. चाळीसेक वर्षांपूर्वी ट्रॅक्टरखाली गुडघा सापडलेला तरणाबांड गडी. मोठ्या डॉक्टरांनी हा पाय आता काठीसारखाच राहणार म्हणून सांगितलं होतं आणि आंतरवासिता करणाऱ्या सुनीतीनं तो वाकवून दाखवला होता. ही गोष्ट बाई दर वर्षी पहिल्या तासाला नव्या मुलांना सांगत. मागच्या बाकावरची पोरं ती तोंडपाठ म्हणून दाखवत, तेही बाईंना माहीत होतं.

मगदूम आले ते जिना धडधड उतरत. केस पांढरे, मिशा अजून काळ्या, त्या कशानं ते त्यांनाच ठाऊक. डॉक्टरबाई, तुम्ही होता म्हणून हा पाय, असं त्यांनी आल्या आल्या मुजावरांदेखत ऐकवलं. बाई लाजल्या आणि खूष झाल्या. मुजावरांनी पट्टी गुंडाळली. वाचलेला ठसा पंजात उतरवला, म्हणजे पायात राहिलेला हात पुन्हा त्याच गुडघ्यावर फिरेल आणि बाईंना आपलाच तरुण हात डोळ्यांनी बघायला मिळेल. बाई खुर्ची ओढून अगदी जवळ बसल्या.

पंजानं मगदूमांची टाच खालून उचलली. वाटीच्या खाली अंगठा फिरवला, गुडघा थोडा वाकवला आणि दुखायच्या जागेच्या अलीकडेच थांबला. थांबून राहिला. मग पुन्हा थोडा वाकवला.

बाईंना आपला हात ओळखू येईना. त्यांनी मुजावरांकडे पाहिलं. मुजावर पडद्याकडे बघत होते. मगदूमांचे डोळे भरून आले होते.

"ही आई हाय," ते म्हणाले.

मग ते गुन्हा कबूल केल्यासारखे बोलू लागले. घरी मालीश अजिबात करायचं नाही, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं. आईनं मान हलवली होती आणि घरी येऊन करडईचं तेल कोमट केलं होतं. रोज दिवेलागणीला ती पोराची टाच मांडीवर घ्यायची, दुखलं की थांबायची, म्हशीच्या दुधाचं काहीबाही सांगायची आणि पुन्हा वाकवायची. वर्षभर. दवाखान्यात जायच्या दिवशी तेल पुसून, साबण लावून पाठवायची, बाईंना वास येऊ नये म्हणून. ती जाऊन आता कितीतरी वर्षं झाली होती. चेहरा फोटोत आहे, पण हाताचा काही फोटो नसतो, असं मगदूम म्हणाले. मग त्यांनी संकोचत विचारलं, अजून एकदा होईल का? मुजावरांनी पंजा पुन्हा सुरू केला आणि स्वतः खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

मालीश करू नका, हे वाक्य बाई चाळीस वर्षं पेशंटला सांगत आल्या होत्या. त्यांच्या धंद्यातला प्रत्येक जण सांगतो. सांगून झालं की घरी ते पाळलंच जातं, असं धरूनही चालतो. घरी कोण हात लावतं हे विचारायचं त्यांना कधी सुचलंच नव्हतं.

मगदूम गेल्यावर बाईंनी पहिलं काय विचारलं असेल तर, माझा हात गेला कुठे? मुजावरांनी ते न दुखवता सांगायचा प्रयत्न केला. प्लॅस्टरनंतर सांधा आतून चिकटतो. ते चिकटलेलं सोडवायला दुखण्याच्या पुढे जाणारा हात लागतो, तो बाईंचा. पण तेव्हा स्नायू घाबरून आखडलेला असतो. घाबरलेला स्नायू काही शिकत नाही, त्यामुळे त्या हाताचा ठसा राहत नाही. पुढे बेतानं चालवणाऱ्या हाताचा राहतो. तुम्ही दार उघडलंत, आत आई गेली, असंही ते म्हणाले. बाईंनी त्यांना गप्प बसायला सांगितलं.

एका पायावरून नियम करता येत नाही, हे खरं. म्हणून बाईंनी समितीला पुढची तारीख कळवली आणि जुन्या पेशंटना फोन लावले. आठवडाभर माणसं येत राहिली. कोणाच्या पायात बायकोचा हात निघाला, कोणाच्या पायात थोरल्या भावाचा, एका बाईच्या खांद्यात तर वॉर्डातल्या आयाबाईचा. हात ओळखला की माणसं रडायची किंवा हसायची आणि जाताना बाईंच्या पाया पडायची. बिरनाळेबाईंचा हात कोणाच्याच अंगात निघाला नाही. रोज संध्याकाळी त्या घरी जाताना गाडीत रेडिओ लावायच्या आणि काही ऐकायच्या नाहीत.

शेवटच्या दिवशी त्यांनी मुजावरांना सांगितलं की, ज्या हातांकडून अंग शिकलं तेच नमुन्याचे हात. या सगळ्यांचा मिळून नवा मानठसा करा आणि परीक्षा दिलेल्या सगळ्या मुलांचे हात त्याच्याशी पुन्हा ताडा. मुजावरांनी ताडले. रेवा चौगुले सगळ्यांत वर आली. जुन्या मानठशावर पहिले आलेले दोघे मधे कुठेतरी घसरले, पण उत्तीर्ण राहिले.

"आता माझा घाला," बाई म्हणाल्या.

मुजावर म्हणाले, कशाला? बाईंनी पुन्हा सांगितलं. त्यांनी घातला. बाई नापास झाल्या, आणि थोड्याथोडक्या नाही. त्यांना क्षणभर ती गच्ची आठवली, उन्हानं तापलेली टाकी आठवली, आणि खाली जिन्यात हाका मारणारे आप्पा. सगळी उमेद घालून बांधलेल्या या दारातून त्या वेळची सुनीतीच नव्हे, आजची बिरनाळेबाईही आत येऊ शकली नसती. त्यांना खूप रडावंसं वाटलं आणि थोडं हसूही आलं.

दुपारी रेवा आली. नकार ऐकायच्या तयारीनं आली होती, त्यामुळे निवड झाली हे तिला दोनदा सांगावं लागलं. मग बाईंनी तिला मगदूमांपासून सगळं सांगितलं, स्वतः नापास झाल्याचंसुद्धा. रेवा ऐकत राहिली. तिच्या चेहऱ्यावरचा आनंद हळूहळू उतरला.

"मग मला शिकवणार कोण?" तिनं विचारलं.

"मीच. थांबायला तुला येतं. चिकटलेला सांधा सोडवायला येत नाही, आणि तो सोडवल्याशिवाय घरचे हात काय करणार? घरच्यांना बोलावून शिकवायचं कसं, ते मात्र आपण दोघी मिळून शिकू." बाई थांबल्या. "एक आत्ताच सांगते. सांधा सोडवणारा हात पेशंटच्या अंगात राहत नाही. चाळीस वर्षं केलंस तरी कोणात राहणार नाहीस. बघ, अजून वेळ आहे. तुला जमेल?"

रेवानं जरा विचार केला. "पेशंट घरी आपल्या पायानं जातो ना?"

"जातो."

"मग कोणाचा का हात राहीना, मॅडम."

बाई उठल्या, कृत्रिम पाय टेबलाच्या कडेला ओढला आणि तिला मनगटावरचं घड्याळ काढून ठेवायला सांगितलं.