चोवीस इंचांचं दार

फरशीवर पाणी मारलंत ना सगळे? मग बसा. तो मोबाइल उलटा ठेव, उजेड डोळ्यांत जातो माझ्या. आणि मध्येच 'खरंच का काका' असं विचारायचं नाही. ज्याच्यासमोर हे घडलं तो लंबू माझा जोडीदार. पंचवीस वर्षं एकाच घमेल्यातला माल वापरला आम्ही. पिणारा नाही, आणि थापा मारायला लागते तेवढी अक्कल त्याच्याकडे कधीच नव्हती.

गेल्या वर्षी जानेवारीत तो एका जुन्या घराचं माप घ्यायला गेला. पुढे हॉल, बाजूला स्वयंपाकघर, मागे एक खोली. मागच्या खोलीचं दार रुंद करायचं आणि बाथरूम तिथपर्यंत वाढवायचं, एवढंच काम होतं. त्या खोलीत मालकाची आत्या राहायची. अर्धं अंग गेलेलं, जीभ मात्र शाबूत. लंबूनं टेप लावली. दार चोवीस इंच, बाईंची चाकांची खुर्ची सव्वीस. घडी घालून खुर्ची आत जायची, पण माणूस बसला की बाहेर निघायची नाही. दोन इंचांपायी ती बाई सात महिने त्या खोलीत पडून होती. आंघोळीला न्यायचं तर दोघं जण कपाट उचलल्यासारखे तिला उचलायचे.

लंबूनं विचारलं, राहत्या खोलीला बाथरूमची चौकट कुणी बसवली? आत्याबाई हसल्या. म्हणाल्या, माझ्या दादानं. हे घर त्यानं सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या हातानं बांधलेलं. मी नवरा सोडून आले तेव्हा म्हणाला, राहा, पण आत राहा. पाहुणे आले की हॉलमध्ये दिसायचं नाही. उरलेली चौकट माझ्या खोलीला लावून टाकली. दादाला जाऊन नऊ वर्षं झाली. आता मला खिडकीशी बसून रस्ता बघायचाय, मिस्त्री, मेल्यावर नाही, आत्ताच.

लंबूनं चौकट काढली, बाजूची दीड फूट भिंत फोडली, वर गर्डर टाकला. खालची फरशी उखडली होती, म्हणून लगेच खुर्ची नेता येणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन बघतो तर फोडलेली बाजू गुडघ्यापर्यंत बांधलेली. मधलं अंतर मोजलं. बरोबर चोवीस इंच.

त्याला वाटलं, मालकाच्या मनातून काम उतरलं असेल. मालकाला वाटलं, मिस्त्रीचा काहीतरी घोळ आहे. चांगली खडाजंगी झाली दोघांची. मग लंबूनं सांधे नीट पाहिले. आता तुम्हाला सांगतो, गवंड्याचा सांधा म्हणजे त्याचं अक्षर असतं. लंबू सांधा करणीच्या पात्यानं तासतो. इथे प्रत्येक सांधा अंगठ्यानं दाबलेला होता. शिकलेला गवंडी असं करत नाही, हौशी माणूस करतो. त्यानं घराच्या मागच्या, बिनगिलाव्याच्या भिंतीवर जाऊन पाहिलं. तिथेही सगळे सांधे तसेच.

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. लंबूनं बांधलेलं पाडलं, विटा अंगणात नेऊन टाकल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. मालक म्हणाला, राहू दे, बाबांना नको असेल. त्याची बायकोही म्हणाली, राहू दे. आत्याबाई आतून ओरडल्या नाहीत, शांतपणे बोलल्या.

"तो जिवंत होता तेव्हा ऐकलं. मेल्यावरही ऐकायचं? काम थांबवलंत तर मी तोंडात घास घेणार नाही."



त्या दिवशी शुक्रवार होता, सतरा जानेवारी. लंबूनं पुन्हा पाडलं, आणि रात्री नऊला उंबऱ्याच्या जागी सिमेंटचा पट्टा ओतून आरशासारखा घोटला. उद्या दुपारी खुर्ची बाहेर, असं सांगितलं. विटा घराबाहेर ठेवून फाटकाला कुलूप लावलं आणि तो हॉलमध्येच आडवा झाला. आत्याबाई म्हणाल्या, मला झोपवू नका, खुर्चीत बसवा. मालकानं ओल्या पट्ट्यावर पाय न देता आत जाऊन बसवलं आणि तो बायकोला घेऊन स्वयंपाकघरात दार लावून झोपला.

एक वाजून चाळीस मिनिटांनी लंबूला जाग आली. आवाज ओळखीचा होता. घमेल्यात करणी फिरल्याचा.

खर्र... खर्र...

मग वीट बसवल्याचा. टक्. टक्.

त्यानं टॉर्च लावला. माणूस नव्हता. करणी नव्हती. पट्ट्याच्या कडेला एक वीट होती. तिच्या शेजारी दुसरी आली. कुठून आली ते दिसलं नाही. दोन विटांमधला माल दबला... जसा अंगठ्यानं दाबावा तसा.

लंबूनं टॉर्च त्या विटांवरच रोखून धरला.

आतून आवाज आला.

"दादा."

टक्... थांबलं.

"तीस वर्षं मी आत बसले. पाहुणे आले, गेले. तुझं लग्न झालं, तुझं पोर मोठं झालं, मी इथूनच ऐकलं. आता बस झालं."

गार हवा.

"मिस्त्री, जागे आहात ना? लाथ मारा त्या विटांना."

लंबू म्हणतो, मला भुताची भीती वाटत होती, पण त्या बाईला नाही म्हणायची जास्त वाटली. त्यानं लाथ मारली. विटा ओल्याच होत्या, गडगडल्या. तो आत गेला, खुर्चीचे दांडे धरले.

उंबऱ्याशी चाकं अडली. समोर काही नव्हतं... तरी अडली.

आत्याबाईंनी चांगला हात वर केला. मागच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"आता तू जा आत."

...

चाकं सुटली. लंबूच्या उजव्या खांद्याला काहीतरी घासून गेलं. गार. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. खुर्ची थेट खिडकीशी नेली. बाईंनी पडदा सारला आणि उजाडेपर्यंत रिकामा रस्ता बघत बसल्या. रडत होत्या, पण मान ताठ होती.

सकाळी मालक आला. सिमेंटच्या पट्ट्यावर चाकांच्या दोन रेघा होत्या, मध्ये लंबूच्या चपलांचे ठसे. त्यांच्या बाजूला अनवाणी पावलं. पुरुषाची, मोठी. लंबू पुन्हा घोटायला करणी घेऊन बसला, तर बाई म्हणाल्या, हात लावू नका. म्हणून तो पट्टा अजून तसाच आहे. मी स्वतः जाऊन बघितलाय.

पावलं आत जाणारी आहेत. बाहेर येणारं एकही नाही.