विसावा उल्लेख

ग्रंथालयातल्या एकुलत्या एका प्रिंटरने आमची ओळख करून दिली. माझ्या शोधनिबंधांचे कुणी कुठे उल्लेख केले, त्याची त्रेचाळीस पानांची यादी तिथल्या एका कर्मचाऱ्याच्या कागदांत मिसळली, आणि तासाभराने माझ्या टेबलावर परत आली ती पेन्सिलीने निम्मी खोडून!

मी तणतणत खाली, तळघरातल्या ग्रंथालयात गेले. "हे काय केलंत?"

"यातले बरेच उल्लेख तुम्हीच तुमचे केलेत, मॅडम. ते धरत नाहीत." त्याने चष्मा पुसला. "सहलेखकांनी केलेलेही धरत नाहीत..."

शास्त्रज्ञांचे उल्लेख मोजणं हेच त्याचं काम. सगळे त्याला पाठीमागे 'कात्रीवाला' म्हणत. मी तोंडावर म्हणायला लागले.

मी रोगप्रतिकारशक्तीवर काम करते. एकदा भेटलेला जंतू वर्षानुवर्षं लक्षात ठेवणाऱ्या पेशी हा माझा विषय. पण आमच्या संस्थेत पेशींना कोण विचारतो? वीस निबंध, आणि प्रत्येकाचा दुसऱ्यांनी किमान वीस वेळा केलेला उल्लेख, एवढं झालं की स्वतंत्र प्रयोगशाळा. तोवर जिन्याखालची खोली आणि फ्रीजरची घरघर. माझे एकोणीस निबंध पार झाले होते. विसाव्यापाशी घोडं अडलं होतं, त्याचे उल्लेख एकोणीस!

सहा महिने दर शुक्रवारी मी त्याच्याकडे भांडायला जात होते.

"आला का विसावा?"

"नाही. पण त्या निबंधातली तिसरी आकृती फार सुंदर आहे हो."

"आकृती घेऊन काय चाटू? आकडा सांगा!"

असा वैताग यायचा... पण टेबलावर चहाचा दुसरा कप आधीच भरून ठेवलेला असायचा. आणि शुक्रवार अजून उजाडत का नाही, म्हणून गुरुवारीच माझी चिडचिड सुरू व्हायची.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी त्याचा पक्का तक्ता आला. विसाव्या निबंधापुढे लिहिलं होतं: उल्लेख वीस, वगळला एक, उरले एकोणीस.

माझं डोकंच फिरलं. दोन-दोन पायऱ्या उतरत मी खाली पोचले.

"विसावा आला होता आणि तुम्ही कापलात? कोणी केला होता?"

"मी."

"काय?"

"गेल्या महिन्यात माझा लेख छापून आला. चांगले असूनही कुणी न वाचलेल्या निबंधांवर. तुमच्यापेक्षा चांगलं उदाहरण नव्हतं."

"मग कापलात कशाला? तुम्ही काय माझे सहलेखक आहात?"

त्याने तक्ता उलटा केला. मागे कारण लिहिलं होतं, त्याच्या सुबक अक्षरात: 'उल्लेख करणाऱ्याचा शास्त्रज्ञाशी निकटचा संबंध.'

"कसला संबंध?"

"तो... म्हणजे..." त्याचे कान लाल झाले. "माझ्याकडून आहे. तुमच्याकडून नसेल तर खाली 'असा संबंध नाही' लिहून सही करा. उल्लेख धरला जाईल, प्रयोगशाळा मिळेल. मी मनाला लावून घेणार नाही."

"सहा महिन्यांत तोंड उघडता आलं नाही? आणि सांगायला सापडला काय, तर तक्ता! तोही माझ्या मुळावर उठलेला!"

"बोलायला गेलो की तुम्ही आकडा विचारायचात..."

पाचला अर्ज बंद होणार होता. वीस मिनिटं उरली होती. पहिल्या मजल्यावरची, दोन खिडक्यांची ती प्रयोगशाळा... पडद्यांचा रंगसुद्धा मी ठरवून ठेवला होता. तीन शब्द लिहायचे होते फक्त. मी पेन उचललं. 'असा' लिहिलं, आणि हात थांबला. आजवर मी एकही निष्कर्ष खोटा लिहिला नव्हता. नेमकी आजच सुरुवात कुठून करू?

मी 'असा' खोडलं आणि 'वगळणं मान्य' लिहून सही ठोकली. डोळ्यांत पाणी आलं. रागानेच, दुसरं काय!

"वर्ष गेलं माझं, कात्रीवाले!"

"पुढच्या वर्षी नक्की होईल. आता तो निबंध लोक वाचायला लागलेत, छापायला गेलेले दोन उल्लेख तर—"

"आकडा सांगू नकोस!" मी ओरडले. "चहा गार झालाय, दुसरा कर. आणि अजून वर्षभर त्या फ्रीजरशेजारी बसायचंय मला. नुसत्या शुक्रवारवर भागायचं नाही आता."

त्याने कागद हातात घेतला, दोनदा वाचला.

"तारीख राहिली," तो म्हणाला. "सहीखाली."

अस्सं वाटलं, तक्ता गुंडाळून त्याच्या डोक्यात हाणावा. पण कागद धरलेला त्याचा हात माझ्यापुढे आला होता. मी आधी तो हात धरला. तारीख नंतर घातली.