सात नंबरची लाजरी काच

संग्रहालयाच्या दारावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘प्रवेश विनामूल्य’. पाटी खोटी नव्हती. आत यायला कुणालाच पैसे पडत नसत. पैसे पडत ते पाहायला.

आत तंतुवाद्यांच्या बत्तीस पेट्या होत्या, आणि त्यांच्या काचा येणाऱ्याजाणाऱ्याला निरशा दुधासारख्या पांढऱ्या दिसत. ज्यानं एखाद्या पेटीचे पन्नास रुपये भरले, त्याची बुबुळं काचेवरचा हरभऱ्याएवढा कॅमेरा ओळखायचा आणि काचेतले स्फटिक तेवढ्या दोन डोळ्यांपुरती वाट मोकळी करायचे. शेजारीशेजारी उभ्या नवराबायकोत एकाला रुद्रवीणा दिसायची, दुसऱ्याला दूध. कंपनीनं काचेचं नाव ठेवलं होतं ‘दृष्टिद्वार’. अनसूयाअक्का कुंभोजकर तिला लाजरी म्हणायच्या, आणि गावानं तेच नाव उचललं.

अक्का या दालनात तीस वर्षं राखणीला होत्या. लाजरीचा त्यांना मनापासून राग यायचा, पण तो त्या गिळून टाकत. कारण काच येण्याआधीची सहा वर्षं त्यांनी पाहिली होती. तेव्हा प्रवेशही फुकट आणि पाहणंही फुकट, पण छत गळत होतं, सारंगीला वाळवी लागली होती आणि शेवटी दाराला टाळं ठोकलं गेलं. काचेच्या कंपनीशी करार होऊन पैसा आला तेव्हा टाळं निघालं. नाकापेक्षा मोती जड झाला, तरी नाक शाबूत राहिलं, असं त्या स्वतःला समजवायच्या.

त्या दिवशी खंडेनवमी होती. हत्यारांच्या पूजेचा दिवस. अक्कांनी झाडू, शिडी आणि किल्ल्यांचा जुडगा मांडून झेंडू वाहिले. पूर्वी त्या पेट्यांच्या कुलपांनाही हळदकुंकू लावत. सगळ्यांच्या वतीनं एकाला, आणि ते कुलूप नेहमी सात नंबरचं. त्या पेटीत दस्तगीरचाचांच्या वडिलांनी घडवलेला तंबोरा होता. चाचांनी तो संग्रहालयाला फुकट दिला होता आणि दर खंडेनवमीला ते त्याच्यासमोर नारळ ठेवायला येत. यंदाही दहाच्या ठोक्याला ते आलेच.

“या चाचा. जरा थांबा, कुलपाला कुंकू लावते.”

“आता कुलूप कुठं राहिलंय अक्का?”

“ह्योच की कुलूप,” म्हणत अक्कांनी ओलं हळदकुंकू त्या हरभऱ्याएवढ्या कॅमेऱ्यावर लावलं.

काच एकदम निवळली.

अक्कांचा हात तसाच हवेत राहिला. काच बसल्यापासून पहिल्यांदाच, चार वर्षांनी तंबोरा समोर उभा होता, डोळे भरून पाहावा असा. पण चाचांच्या चेहऱ्यावर आनंद दिसेना. ते वाकले, काचेला कपाळ टेकवून भोपळ्याकडे बघत राहिले.

“अक्का, ह्याच्या तारा कुणी चढवून ठेवल्यात?”

“काचेच्या उद्घाटनाला वाजवला हुता की.”

“आणि उतरवल्या न्हाईत? चार वर्सं?” चाचांचा आवाज चिरकला. “आत ही कोरडी थंड हवा, वर तारांचा ताण. भोपळा उकललाय बगा. ती चीर खाली सरकायलीय.”

आतून बारीक आवाज आला. कट्.

तेवढ्यात अभिरक्षक रेवती दाणी हातातला फोन सांभाळत धावत आल्या. संग्रहालयाचा सगळा कारभार त्या एकट्या ओढत होत्या. “अक्का, सात नंबर आंधळी झाली म्हणून पुण्याहून कंपनीवाले विचारतायत. काय केलंत? आधी ते पुसा!”

“मॅडम, तंबोरा फुटायलाय. पेटी उघडा.”

रेवतींनी काचेतून पाहिलं आणि त्या जागच्या जागी थबकल्या. “उघडायला त्यांचा माणूस लागतो. तो दसरा झाल्यावर येईल.”

“तवर टिकत न्हाई,” चाचा म्हणाले. “खुंट्या ढिल्या करायच्या. दोन मिनिटांचं काम हाय माझं.”

अक्कांना काच बसवताना ऐकलेलं आठवलं. आगीच्या धुरात कॅमेरा आंधळा झाला तर वस्तू आत अडकू नयेत म्हणून काच आधी निवळते आणि दहा मिनिटांनी कडी आपोआप सुटते. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. सहा मिनिटं झाली होती.

“अक्का, पुसा म्हणतेय ना!” रेवतींनी कॅमेऱ्याकडे बोट दाखवलं. “परवानगीशिवाय पेटी उघडली तर करार मोडतो. करार मोडला की पुन्हा टाळं. मग एका तंबोऱ्यापायी एकतीस वाद्यं वाळवीला द्यायची का?”

प्रश्न खोटा नव्हता. सारंगीचा भुगा त्यांनीच सुपानं भरला होता. पूजेतलं ओलं फडकं त्यांच्या मुठीत होतं. त्यांना रडू येत होतं, पण हात काही केल्या कॅमेऱ्याकडे जाईना.

कट्. या वेळी आवाज मोठा होता. चाचांनी डोळे मिटून घेतले.

“मॅडम, आठ महिन्यांनी मी रिटायर. म्हातारीनं येड्यासारखं कुंकू लावलं, म्हणून लिवा. माझ्या नावावर.” असं म्हणून अक्का पेटीकडे पाठ करून उभ्या राहिल्या. फडकं त्यांनी मागे धरलं होतं.

रेवती पुढे आल्या. फडकं हिसकावून घेणं त्यांना अवघड नव्हतं. त्यांनी हात पुढे केलाही. पण अक्कांच्या बाजूनं ती चीर दिसत होती, आणि पाहिल्यावर न पाहिल्यासारखं करणं त्यांना जमलं नाही. हात खाली आला. आठ मिनिटं. नऊ.

कडी सुटली.

चाचांचे हात आत गेले. एकेक करून चारही खुंट्या त्यांनी उलट्या फिरवल्या. तारा सैल पडल्या आणि तंबोऱ्यानं खोल, बसका हुंकार दिला. चाचांनी भोपळ्यावर तळवा ठेवून पाहिलं. “थांबली चीर,” ते म्हणाले. मग बाह्यांनी डोळे पुसले.

रेवती शेजारच्या बाकावर बसल्या. “चौदा महिने सात नंबरचे पैसे कुणीच भरले नव्हते,” त्या हळूच म्हणाल्या. “ज्या पेटीकडे जास्त डोळे, तिची तपासणी आधी, असा नियम आहे. बाकीच्यांची तक्रार येत नाही, म्हणून मी धरून चालले की सगळं ठीक आहे.”

“तक्रार करायला बगणारा लागतोय मॅडम,” अक्का म्हणाल्या.

“तुमचे चाचा दर वर्षी येत होते की.”

“दुधाफुडं नारळ ठेवून जात हुतो,” चाचा म्हणाले.

फोन पुन्हा वाजला. पुण्याचाच होता. रेवतींनी तो वाजू दिला आणि दालनाच्या टोकापर्यंत नजर टाकली. एकतीस काचा पांढऱ्याशुभ्र, गप्प उभ्या होत्या. त्यांतल्या अकरा पेट्यांकडे वर्षभरात कुणी पाहिलं नव्हतं, आणि हे त्यांना तक्ता न काढताच आठवत होतं.

त्यांनी फोन बंद केला.

“अक्का,” त्यांनी विचारलं, “करंड्यात कुंकू किती उरलंय?”